बेताचे काडतूस

ज्या घरात झुरळ मारावे की केरसुणीने अंगणात लोटून द्यावे या प्रश्नावर दोन पिढ्यांचे एकमत होऊ शकले नाही, त्या घरातील मुलाने आपल्या मामास पत्र लिहून "हरणासाठी व हरणाहून मोठ्या जनावरासाठी कोणते काडतूस घ्यावे?" असे विचारावे, हा काळाचा महिमा म्हटला पाहिजे. हा मुलगा माझ्या थोरल्या बहिणीचा. नोकरीनिमित्त तो स्वीडनला गेला, तेथेच रमला, आणि स्मोलंड प्रांतातील एका खेड्यात लाकडी घर घेऊन राहू लागला. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवितो. बंदुकीचा व माझा संबंध एवढाच की, क्रिया व प्रतिक्रिया यांचा नियम समजावून देताना गेली अठ्ठावीस वर्षे मी फळ्यावर एक बंदूक काढीत आलो आहे. भाच्याने हाच धागा पकडला होता. "मामा, फळ्यावर तुम्ही इतके बार काढलेत, आता एक खरे काडतूस निवडून द्या," असे त्याने लिहिले होते.

ताईला हे पत्र मी वाचून दाखविले. ती काही वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "त्या जनावराला कळतं का रे? किती वेळ कळतं?" मुलाचा प्रश्न काडतुसाचा होता व आईचा प्रश्न वेळेचा. पुढे या विषयावर जे वाचले, पाहिले व मोजले, त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे की हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. आणि आईचा प्रश्न विसरून मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देऊ जाणारा मनुष्य हटकून भलतेच काडतूस निवडतो.

शिकार करावी की करू नये, हा वाद येथे उकरून काढण्याचा माझा विचार नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा जुना अध्याय मिटला, आणि तो मिटला हे योग्यच झाले. तिकडची गोष्ट निराळी आहे. तेथे मूस नावाचा प्राणी आहे. हरणांच्या कुळातील हा सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेला नर चारशे किलो व त्याहूनही अधिक भरतो. आपले सांबर त्याच्या शेजारी उभे केले तर धाकटा भाऊ वाटावे. देवदाराच्या जातीच्या कोवळ्या रोपांचे शेंडे खाणे हा त्याचा हिवाळ्यातील उद्योग, आणि रात्री रस्त्यावर येऊन मोटारींपुढे उभे राहणे हा बारमाही. दरवर्षी काही हजार मोटारी तेथे मूसवर आदळतात. त्यात जनावरेही मरतात आणि माणसेही. म्हणून शरद ऋतूत ठराविक संख्येने मूस मारण्याची परवानगी असते, गावोगावच्या मंडळी एकत्र येऊन ती शिकार करतात, आणि मांस वाटून घेतात. त्या मंडळींत सुतार असतो, शाळेतील बाई असते, दवाखान्यातील डॉक्टर असतो. भाच्याच्या शेजाऱ्यांनी त्यास मंडळीत बोलाविले. त्याने तेथील शिकाऱ्याची परीक्षा दिली, तीत तो उतरला, आणि आता बंदूक घेण्याची वेळ आली होती.

काडतुसांची नावे प्रथमदर्शनी बीजगणितासारखी वाटतात. परंतु ती सोपी आहेत. पितळेचे एक नळकांडे, त्यात दारू, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी आणि तोंडाशी बसविलेली गोळी, हे सारे मिळून काडतूस होते. '६.५×५५' यातील पहिला आकडा बंदुकीच्या नळीच्या व्यासाचा व दुसरा नळकांड्याच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. स्वीडन व नॉर्वे हे देश एकाच राजाच्या छत्राखाली असताना, १८९४ च्या सुमारास, दोघांच्या लष्करांसाठी हे काडतूस ठरविण्यात आले. '.३०-०६' म्हणजे तीनदशांश इंच व्यासाचे, अमेरिकन लष्कराने १९०६ साली स्वीकारलेले. '९.३×६२' हे बर्लिनचा बंदूककार ओटो बॉक याने १९०५ साली काढले. आफ्रिकेतील जर्मन वसाहतवाल्यांना स्वस्त माउझर बंदुकीतून मोठे जनावर मारता यावे हा त्याचा हेतू. आणि '.३७५' हे लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीचे, १९१२ सालचे. इंग्रज शिकारी ज्यास 'मध्यम बोअर' म्हणत त्या वर्गातील हे सर्वांत नावाजलेले. परंतु मध्यम हा शब्द जनावरासापेक्ष आहे. हत्ती आणि रानरेडे यांच्या आफ्रिकेत .३७५ मध्यम ठरते. स्मोलंडच्या रानात, जेथे पंचवीस किलोच्या रो हरणापासून मूसपर्यंत सर्व काही एकाच बंदुकीने साधावयाचे असते, तेथे ९.३ हे काडतूस भारीपैकी समजले जाते.

या विषयावर जगात दोन पक्ष आहेत, आणि त्यांचे भांडण शंभर वर्षे चालू आहे. एक पक्ष म्हणतो, जनावर मोठे तर गोळीही मोठी हवी. दुसरा म्हणतो, गोळी लहान चालेल. जागा अचूक हवी. दुसऱ्या पक्षाचे दैवत म्हणजे स्कॉटिश शिकारी वॉल्टर बेल. १८८० साली जन्मलेल्या या गृहस्थाने हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतील बहुतेक ७×५७ या बारीक काडतुसाने. इंग्रज बंदूककार यासच '.२७५' म्हणत. आपल्याकडील वाचकांस हे काडतूस दुसऱ्या एका नावामुळे परिचित असेल. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी वध केला, त्याबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने त्यांस रिग्बी या पेढीची याच .२७५ बोअरची बंदूक भेट दिली. मात्र बेलचे नाव घेणारे लोक एक गोष्ट सांगावयाची विसरतात. त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून मेंदू नेमका कोठे असतो हे पाहून ठेवले होते. त्याच्या यशाचे श्रेय बारीक नळीला द्यावयाचे की त्या करवतीला, हे ज्याने त्याने ठरवावे. आणि हजार हत्ती मारणे ही आज कोणास भूषणावह वाटणारी गोष्ट राहिलेली नाही, तेही खरेच.

मी प्रथम फळ्याकडे वळलो. मोठ्या गोळीच्या पक्षाचे आवडते विधान असे की, तिच्या धक्क्याने जनावर जागच्या जागी आडवे होते. ९.३ ची गोळी साडेअठरा ग्रॅमची असते. शंभर मीटरवर तिचा वेग सेकंदाला सुमारे ६४० मीटर धरला, तर तिचा सारा संवेग चारशे किलोच्या मूसला मिळूनही त्या जनावराचे शरीर सेकंदाला तीन सेंटिमीटर एवढ्याच वेगाने सरकेल. रांगणारे मूल याहून कितीतरी जलद जाते. दुसरे असे की, गोळीला जेवढा धक्का पुढे मिळतो तेवढा, किंबहुना दारूच्या वायूमुळे त्याहून थोडा अधिकच, बंदुकीला मागे मिळतो. जो धक्का मूसला लोळवील तो मारणाऱ्यालाही लोळविल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा जनावर धक्क्याने मरते हा समज सोडून दिला पाहिजे.

मग ते मरते कशाने? रक्त थांबल्याने. दोन्ही फुप्फुसे अथवा हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या फुटल्या, म्हणजे मेंदूकडे जाणारे रक्त तुटते आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्या सेकंदांतही मूस पन्नास-साठ पावले चालून जाऊ शकते; त्यास आपण मेलो आहो हे अद्याप कळलेले नसते. परंतु तीच गोळी हातभर मागे, पोटात लागली, तर मरण कित्येक तास लांबते. ताईच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे: काही सेकंद किंवा कित्येक तास, आणि दोहोंमधील अंतर हातभर.

म्हणून गोळीकडून अपेक्षा दोनच. तिने पुरेसे खोल जावे, आणि जाताना वाट रुंद करावी. खोल जाण्याचे गणित मोठे मनोरंजक आहे. गोळी किती जड यापेक्षा तिच्या पुढच्या तोंडाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे किती वजन आहे, यावर ते पुष्कळसे अवलंबून असते. ९.३ च्या साडेअठरा ग्रॅमच्या गोळीत हे प्रमाण सुमारे ०.२७ ग्रॅम येते. .३०-०६ ची नेहमीची ११.७ ग्रॅमची गोळी घेतली तर ०.२४ येते. आणि ६.५ च्या लांबट, दहा ग्रॅमच्या गोळीत ते ०.२८ पर्यंत जाते. बारकी दिसणारी गोळी जाड गोळीच्या मागे का राहत नाही, याचे रहस्य तिच्या लांबीत आहे. सुई दाभणाहून कमी खोल जाते असे कोण म्हणेल?

वाट रुंद करण्याचे काम गोळीच्या घडणीचे. शिकारीची गोळी आत शिरताच तिचे नाक उमलते व ती मूळ व्यासाच्या दीडपट-दुप्पट होते. या उमलणाऱ्या गोळ्यांचा आपल्या देशाशी एक विलक्षण संबंध आहे. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात लष्करासाठी त्या काढल्या गेल्या, आणि १८९९ साली हेग येथे जमलेल्या राष्ट्रांनी युद्धात त्या वापरण्यास बंदी घातली. कारण त्यांची जखम भयंकर होते. स्वीडनमध्ये मूसवर मात्र उमलणारीच गोळी वापरावी लागते. कारण न उमलणारी गोळी बारीक भोक पाडून पार निघून जाते आणि जनावर दुखावलेले फिरत राहते. माणसावर जी गोळी दयेपोटी निषिद्ध ठरली, तीच जनावरावर दयेपोटी सक्तीची झाली. सैनिक जखमी झाला तरी त्यास उचलून नेणारे कोणी असते. मूसला तसे कोणी नाही, एवढाच यातील भेद.

येथपर्यंत फळ्याचे काम झाले. पुढचे पाहण्यासाठी मला प्रत्यक्ष जावे लागले. त्या वर्षीच्या उन्हाळी सुटीत मी भाच्याकडे गेलो असता, तो मला गावच्या नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. तेथे लाकडी मूसचे चित्र रुळांवरून धावते. नेमबाज ऐंशी मीटरांवरून त्यावर बार काढतो. गावातील पाच-सहा मंडळी सराव करीत होती. त्यांत एक सत्तरीच्या आसपासची बाई होती. तिच्या हातात नवऱ्याची जुनी ६.५ ची बंदूक होती, आणि तिने काढलेले चारही बार चित्राच्या छातीवर माझ्या तळहाताने झाकता येतील एवढ्या जागेत लागले. तिच्या शेजारी एक धिप्पाड तरुण होता. त्याची बंदूक भारी काडतुसाची होती. त्याची एक गोळी छातीवर, एक पोटावर, एक चित्राच्या बाहेर.

मैदानाची देखरेख करणाऱ्या वृद्ध गृहस्थाने त्या तरुणास हटकले नाही. त्याने त्याची बंदूक मागून घेतली, पाठ फिरवून भरली, आणि परत दिली. तरुणाने नेम धरला, चाप ओढला. बार झालाच नाही; वृद्धाने आत रिकामे काडतूस घातले होते. परंतु चाप ओढताच बंदुकीचे तोंड वीतभर खाली गेले आणि तरुणाचे डोळे गच्च मिटले, हे आम्ही सर्वांनी पाहिले. न आलेल्या धक्क्याला त्याचा खांदा आधीच भ्याला होता. कोणी हसले नाही. वृद्धाने दुसऱ्या एका हलक्या बंदुकीकडे बोट केले, आणि तो तरुण मुकाट्याने तिच्याकडे वळला.

घरी येऊन मी हिशेब केला. चार किलोच्या बंदुकीतून ६.५ चे काडतूस उडविले तर खांद्यास बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा सतरा-अठरा ज्यूल येते, ९.३ ची चाळिसाच्या वर जाते. दुपटीहून अधिक. मोठे काडतूस मनुष्य बहुधा कशासाठी घेतो? आपला नेम चुकला तरी निभावून जावे म्हणून. आणि तेच काडतूस त्याचा नेम चुकविते. विम्याचा हप्ता भरण्यासाठी कर्ज काढावे, असा हा व्यवहार आहे.

तथापि मोठ्या गोळीच्या पक्षाचे म्हणणे सर्वस्वी पोकळ आहे असे मात्र नाही. तिरप्या उभ्या असलेल्या मूसच्या खांद्याचे जाड हाड आड आले, किंवा दाट झुडपातून रानडुक्कर अंगावर आले, तर ९.३ ची गोळी आपली वाट सहसा सोडीत नाही. तिची जखम रुंद असल्यामुळे रक्ताचा माग ठळक राहतो, आणि माग काढणाऱ्या कुत्र्याचे काम सोपे होते. ज्याचा खांदा हा धक्का शांतपणे सोसतो, आणि जो वर्षभर याच बंदुकीने सराव करतो, त्याने ती खुशाल घ्यावी. ओटो बॉकचे काडतूस शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले ते काही उगीच नव्हे. उलट, बेलचे नाव सांगत मूसवर रो हरणाचे काडतूस चालविणारा मनुष्य आपल्या कौशल्याचा अहंकार जनावराच्या अंगावर तपासून पाहत असतो. एकास स्वतःचे भय नडते, दुसऱ्यास स्वतःचा गर्व. आणि दोघांचेही देणे तिसराच फेडतो.

या दोन टोकांमध्ये कायद्याने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. भाच्याने परीक्षेसाठी पाठ केलेला नियम असा होता: मूससाठी गोळी निदान नऊ ग्रॅमची असावी व शंभर मीटरवर तिची ऊर्जा निदान २७०० ज्यूल असावी, अथवा गोळी दहा ग्रॅमची वा अधिक असेल तर २००० ज्यूल पुरेत. रो हरणासाठी याहून पुष्कळच कमी चालते. गोळी जड असेल तर वेगाची थोडी सूट मिळते, ही यातील मेख. आणि या सुटीतून जुने ६.५ चे काडतूस, आपल्या दहा ग्रॅमच्या गोळीसह, सन्मानाने आत येते. कायद्याने खालची मर्यादा घातली. वरची घातली नाही. ती ज्याच्या त्याच्या खांद्यावर व विवेकावर सोडली. आणखी एक नियम मला त्याहूनही शहाणपणाचा वाटला. मूसची शिकार करताना, जखमी जनावराचा माग काढण्यास शिकविलेले कुत्रे दोन तासांच्या आत जागेवर पोहोचेल अशी तजवीज असलीच पाहिजे. म्हणजे काडतूस कोणतेही घ्या, चूक होऊ शकते हे गृहीत धरूनच रानात जावयाचे.

इतके झाल्यावर मी भाच्यास माझे मत दिले. .३०-०६ हे सर्वांगांनी चांगले आहे, आणि कोणत्याही दुकानात मिळते. त्याने ते घेतले असते तरी मी आडवा आलो नसतो. परंतु त्याची अंगकाठी सडपातळ, बंदुकीची सवय नवी, आणि त्याच्या रानात शंभर मीटरांपलीकडचे दिसते तरी कोठे? म्हणून ६.५×५५ घ्यावे, दहा ग्रॅमची उमलणारी गोळी वापरावी, आणि मोठ्या काडतुसावर जे पैसे खर्च झाले असते त्यांचा सराव करावा, असे मी म्हटले. आणि बंदूक कोणतीही असली तरी जनावर आडवे व स्थिर उभे असल्याशिवाय चापावर बोट ठेवू नये, असेही. त्याने ते मानले. मामाचे मानले की त्या बाईच्या चार गोळ्यांचे, हे मी विचारले नाही.

ऑक्टोबरात पहिली शिकार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासमोर, सत्तर मीटरांवर, एक मूस येऊन उभे राहिले; परंतु त्याची छाती भूर्जाच्या दोन खोडांआड होती व तोंड त्याच्याकडे होते. त्याने बंदूक खांद्याला लावली, दहा-बारा श्वास वाट पाहिली, आणि खाली घेतली. मूस निघून गेले. दुपारी चुलाण्याभोवती कॉफी पिताना त्याने हे मंडळीस सांगितले, तेव्हा कोणी त्यास बोल लावला नाही. म्होरक्याने एवढेच म्हटले की, ते जनावर उद्याही असेल. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका मूसवर त्याने बार काढला. जनावर चाळीस पावले चालले व खाली बसले. हे त्याने लिहिलेले मी ताईला वाचून दाखविले. तिने विचारले, "आणि ते पहिलं?" मी म्हटले, "ते गेलं." तिने मान हलविली; मांस वाटून घेण्याबद्दलचा मजकूर मी वाचू लागलो तेव्हा मात्र उठून ती आत गेली. तिचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. मुलाने बंदूक धरू नये असेच तिला आजही वाटते. परंतु तो कशी धरतो हे तिला कळले आहे, आणि आता त्याचा फोन आला की ती इतर गोष्टींबरोबर सरावाचेही विचारते.

साधन निवडताना आपण बहुधा स्वतःकडे पाहतो: मला काय पेलेल, मला काय शोभेल, चारचौघांत माझे काय दिसेल. पुष्कळ साधनांच्या बाबतीत यात फारसे बिघडत नाही. भारी लेखणी घेतली तर हात दुखेल, एवढेच. परंतु काही साधने अशी असतात की त्यांच्या निवडीतील चुकीचा दंड दुसऱ्यास भरावा लागतो. शस्त्रवैद्याची सुरी, गुरुजींची छडी, न्यायाधीशाचा निवाडा, ही सारी त्यांतलीच. तेथे बेत कोणता हे दुकानदारास विचारून कळत नाही. ज्याच्यावर ते साधन चालणार, त्याच्या बाजूस क्षणभर जाऊन उभे राहावे लागते, आणि तेथून आपल्या हाताकडे पाहावे लागते. हात स्थिर दिसला तर काडतूस बेताचे आहे असे समजावे.